मार्च हेअरची धाकटी बहीण: १९७५ च्या फाल्कनच्या नोंदी

१३ जानेवारी २०२४, शनिवार

गाडी दुपारी साडेतीनला टो-ट्रकवरून उतरली. फोर्ड फाल्कन, एक्सबी मॉडेल, १९७५ ची. चार दारं, सहा सिलिंडर, २५० घनइंच म्हणजे ४.१ लिटर. रंग बदामी, जिथे उरलाय तिथे. बॅलरॅटजवळच्या एका शेडमध्ये अकरा वर्षं उभी होती. ८,७०० डॉलरला मिळाली, टोचे ३४० वेगळे.

'मॅड मॅक्स' या ऑस्ट्रेलियन सिनेमातली काळी गाडी करायला निघालेल्यांनी इथेच थांबावं. ती एक्सबी जीटी हार्डटॉप, दोन दारांची, आणि आज चांगल्या हार्डटॉपच्या किमतीत आमच्या वेरिबीत (हे मेलबर्नचं उपनगर) घराचं डिपॉझिट भरता येतं. पण त्या सिनेमात पिवळ्या पोलीस गाड्याही आहेत, आणि त्या सगळ्या साध्या सेडान. त्यातली 'मार्च हेअर' म्हणजे १९७२ ची एक्सए, सहा सिलिंडर, आणि कॅमेऱ्यासमोर येण्याआधी मेलबर्नची टॅक्सी. माझ्या ऐपतीत बसणारा सिनेमातला नट हाच. माझी गाडी तिची तीन वर्षांनी धाकटी बहीण.

सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तो १९८८ साली, इचलकरंजीत. व्हिडिओ सेंटर, दोन रुपये तिकीट, बसायला सतरंजी. कॅसेट अमेरिकेतली होती, म्हणजे सगळ्यांचे आवाज अमेरिकन; तिकडच्या वितरकानं ऑस्ट्रेलियन बोलणं लोकांना कळणार नाही म्हणून पूर्ण सिनेमा पुन्हा डब केला होता. हे मला मेलबर्नला येऊन मूळ आवाजात पाहिल्यावर समजलं. हा मॅक्स तर आमच्या गोदामातल्या फोरमनसारखा बोलत होता. वीस वर्षं चुकीच्या माणसाला ओळखत होतो असं वाटलं.

घेण्याआधी एक काम मात्र नीट केलं: इंजिन नंबर कागदाशी ताडून पाहिला. हे शहाणपण 'द बिग स्टील' या सिनेमामुळे (१९९०). त्यात पोरगा बापाची निसान सेड्रिक देऊन जॅग्वार घेतो आणि डीलर त्याला भंगार इंजिन बसवून देतो. तो डीलर झालेला स्टीव्ह बिस्ली म्हणजे मॅड मॅक्समधला गूस, मॅक्सचा पोलीस साथीदार.

१४ जानेवारी, रविवार

बॅटरीचा क्लॅम्प काढायला बसलो. तेरा नंबरचा पाना लावला, जोर दिला, आणि बोल्टचं डोकं गोल झालं.

चूक माझी. या गाडीत सगळे आटे इंची. बोल्टचं डोकं अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, आणि माझा पाना १३ चा. ०.३ मिलिमीटरचा फरक नव्या बोल्टवर खपून जातो, गंजलेल्या बोल्टवर नाही. गंमत म्हणजे मला हे कळायला हवं होतं. आमचे दादा, म्हणजे वडील, यंत्रमागाचे फिटर. घरात मिलिमीटर कुणी बोलायचंच नाही. सगळं सुतात: आठ सूत म्हणजे इंच, चार सूत म्हणजे अर्धा.

संध्याकाळी इचलकरंजीला फोन लावला. दादांच्या पेटीतले इंची पाने अजून आहेत, धाकटा भाऊ म्हणाला. मावसभाऊ एप्रिलमध्ये येतोय, त्याच्याबरोबर पाठवतो. तोवर थांबणं शक्य नव्हतं म्हणून इथला इंची संच घेतला, १६५ डॉलर.

३ फेब्रुवारी, शनिवार

पेट्रोलची टाकी उतरवली. आत जे होतं त्याला पेट्रोल म्हणवत नाही. वास थेट सुताराच्या दुकानातल्या व्हार्निशचा. तळाशी चहाच्या चोथ्यासारखा गंज.

वीस लिटर व्हिनेगर भरून तीन दिवस ठेवलं, मुठभर नट आत टाकून हलवलं. तिसऱ्या दिवशी आतून पत्रा चकचकीत. खूश होऊन पाण्यानं धुतली, उन्हात पालथी घातली आणि जेवायला गेलो. चाळीस डिग्री ऊन होतं, म्हटलं लगेच वाळेल. जेवून येईपर्यंत आतून पुन्हा नारिंगी. उघड्या पत्र्याला पाणी लागलं की गंजायला तासही लागत नाही.

दुसऱ्यांदा सोड्यानं आम्ल मारलं, लगेच हेअर ड्रायर लावला (बायकोचा, हे तिला या नोंदीतूनच कळणार आहे) आणि आतून तेलाचा हात फिरवला. व्हिनेगर ३८, पेट्रोलच्या काट्याचा नवा सेंडर ९५. वाया गेलेले दिवस चार.

२५ फेब्रुवारी, रविवार

आजचा पूर्ण दिवस एका खुणेपायी गेला, म्हणून सविस्तर लिहितो.

डिस्ट्रिब्युटर म्हणजे सिलिंडरांना पाळीपाळीनं ठिणगी पोचवणारा भाग. त्याचा दांडा जुन्या ग्रीसनं जाम झाला होता, म्हणून तो मी गेल्या आठवड्यात काढून साफ केला. काढताना रोटरचं, म्हणजे त्यातल्या फिरणाऱ्या तुकड्याचं, तोंड कुठे होतं याची खूण केली नाही. फोटोही नाही. आज बसवताना पहिला पिस्टन वर आणला, पुलीवरची खूण शून्यावर जुळवली, रोटर पहिल्या नंबरच्या वायरकडे केला. पॉइंट, कंडेन्सर, कॅप, वायरी, प्लग सगळं नवीन, १४० डॉलर. कार्ब्युरेटरही उघडून नवा किट टाकलेला, ७२ डॉलर. लेकीला चावी दिली.

पहिल्याच फटक्याला कार्ब्युरेटरमधून असा धडाका आला की समोरच्या घरातला कुत्रा अजून आमच्या फाटकाकडे बघत नाही. पुन्हा मारलं, पुन्हा धडाका. मग मी कार्ब्युरेटरच्या मागे लागलो. फ्लोट काढला, जेट फुंकले, चोक सोडवला. दुपारचे दोन वाजले. वायरींचा क्रम तीनदा तपासला: एक, पाच, तीन, सहा, दोन, चार. बरोबर.

शेवटी शेजारचे काका आले. ते मूळचे माल्टाचे, ब्रॉडमेडोजच्या फोर्ड कारखान्यात एकतीस वर्षं दारं बसवली. इथे सत्तरीच्या माणसालाही नावानं हाक मारायची पद्धत आहे; माझी जीभ अजून अडखळते, म्हणून या नोंदींत ते काकाच. त्यांनी काही विचारलं नाही. पहिला प्लग काढायला लावला, भोकावर माझाच अंगठा ठेवला आणि लेकीला इंजिन थोडं फिरवायला सांगितलं. खूण शून्यावर आली, अंगठ्याला काहीच नाही. आणखी एक पूर्ण फेरा, आणि हवेनं अंगठा उडवला.

पिस्टन वर दोनदा येतो. एकदा हवा दाबायला, एकदा धूर बाहेर टाकायला. मी डिस्ट्रिब्युटर धूर टाकायच्या फेऱ्यावर बसवला होता, बरोब्बर १८० अंश उलटा. काढून फिरवून बसवायला दहा मिनिटं. पाच वाजून वीस मिनिटांनी गाडी सुरू झाली. धूर निळा, मग करडा, मग जवळजवळ नाहीच.

काकांनी मात्र इंजिनाकडे पाहिलंही नाही. ड्रायव्हरचं दार उघडलं, एका बोटानं ढकललं, आवाज ऐकला. "वरचा बिजागर झिजलाय," म्हणाले, आणि घरी गेले.

११ मार्च, सोमवार

लेबर डेची जोडून सुट्टी, म्हणून तिन्ही दिवस ब्रेकना. पुढे डिस्क, मागे ड्रम. मागचे दोन्ही सिलिंडर जाम, रबरी होस तडकलेले, मास्टर सिलिंडर आतून खरवडलेला. सगळं नवं घेतलं, पुढचे पॅड धरून ६४०.

ब्रेकच्या तेलातली हवा काढताना पुढच्या डाव्या कॅलिपरचा निपल (हवा सोडायचा छोटा स्क्रू) मोडला. मी तो सरळ पाना लावून ओढला, म्हणून. आधी दोन दिवस गंज सुटायचं तेल टाकून ठेवायचं, मग टॉर्चनं शेकायचं, मग सहा कोनांचा सॉकेट लावून आधी घट्ट करायच्या दिशेनं जरासा हलवायचा आणि मगच सोडायचा. उजवीकडे हे सगळं केलं, निघाला. मोडलेला निपल ड्रिल करून काढताना आटे गेले, नवे आटे मारले. अर्धा दिवस.

टायर दहा वर्षांहून जुने, दिसायला ठीक, पण बाजूच्या भिंतीला बारीक चिरा. चारही बदलले, ५२०.

१२ एप्रिल, शुक्रवार

आज बरोबर पंचेचाळीस वर्षं झाली, १२ एप्रिल १९७९ ला मॅड मॅक्स इथे लागला. आणि आजच दादांचे पाने पोचले. मावसभावानं साडेतीन किलो लोखंड विमानानं आणलं. पेंडीसारखे कापडात बांधलेले सात पाने, कापड मागावरचंच, अजून तेलकट.

अर्ध्या इंचाचा हातात घेतला. बोल्टवर लावला तर तोंड एवढं मोठं, की बोट घालून जागा उरली. वाटलं खोडी झाली, दुसराच कुणाचा पाना. मग सगळे मापाच्या कॅलिपरनं मोजले. यांतला एकही फाल्कनच्या मापाचा नाही.

कारण असं. दादांचे माग जुन्या इंग्लिश घडणीचे, आटे व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचे. व्हिटवर्थच्या पान्यावर कोरलेला आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, पान्याच्या तोंडाचा नाही. फोर्डच्या पान्यावरचा आकडा मात्र तोंडाचा. म्हणून व्हिटवर्थचा १/२ म्हणजे तोंड ०.९२ इंच. दोन्ही इंच, दोन्ही सूत, आणि एकमेकांना ओळखत नाहीत. धाकट्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "दादा असते तर पहिल्याच फोनला विचारले असते, कुठला इंच?"

एक मात्र चालला. सगळ्यात लहान, ३/१६ चा, आमच्या भाषेत दीड सुताचा. त्याचं तोंड ०.४४५ इंच. फाल्कनच्या पाव इंची बोल्टचं डोकं ७/१६, म्हणजे ०.४३७५. केसभर ढिला बसतो, पण टॅपेट कव्हरच्या बोल्टना फार जोर द्यायचाच नसतो. बाकीचे सहा भिंतीवर टांगले.

२६ मे, रविवार

पाऊस पडला की शेजारच्या सीटवर बसणाऱ्याच्या बुटात पाणी. या मॉडेलचं हे ठरलेलं दुखणं. काचेखाली, वायपरच्या जाळीच्या आत जो पन्हाळ आहे तो गंजतो, आणि तो वरून दिसत नाही.

मार्चमध्येच मी त्यात सिलिकॉन ओतलं होतं. दोन ट्यूब, २७ डॉलर. आठ आठवडे कोरडं. मग पाणी परत आलं, या वेळी ड्रायव्हरच्या बाजूनंही. सिलिकॉननं पाणी अडवलं नव्हतं, तुंबवलं होतं. काढायला दोन संध्याकाळी गेल्या, आणि खालचा जो पत्रा मार्चमध्ये कदाचित वाचला असता तो आता बोटानं तुटत होता.

दोन्ही मडगार्ड आणि बॉनेट उतरवलं, वेल्डचे ठिपके एकेक करून ड्रिलनं उडवले, वरचा पत्रा उचलला. पुढून पाहिलं तर गाडीचे दोन तुकडे झाल्यासारखे. १९८६ च्या 'माल्कम' या सिनेमात पिवळी होंडा झेड मधोमध उभी चिरली जाते आणि दोन अर्ध्या गाड्या दोन दिशांना पळतात. ती निदान पुन्हा जुळायची.

नवा पत्रा वाकवून मिग वेल्डरनं जोडला. पहिली शिवण सलग ओढली आणि पत्रा तापून पापडासारखा फुगला. कापून फेकला. दुसऱ्यांदा एक ठिपका इकडे, एक तिकडे, मध्ये हात लावून गार झालाय का बघत. सहा तास लागले, पण सपाट. पत्रा, वायर, गॅस मिळून २१०. दोन्ही टोकांना पाणी निघून जायची भोकं मोकळी ठेवली. ती पानांनी तुंबतात हेच तर मूळ.

परवा गुरुवारी फ्युरिओसा लागला, मॅड मॅक्सच्याच मालिकेतला. लेकीला घेऊन पाहिला. ती म्हणाली गाड्या भारी आहेत. मला त्यातली एकही दुरुस्त करता येईल असं वाटलं नाही.

१४ जुलै, रविवार

रंग. इथे खरी घोडचूक झाली, पैशांनी मोजायची तर सगळ्यात मोठी.

टू-पॅक (दोन घटक मिसळायचा) रंग घरी मारायचा नाही हे आधीच ठरवलं होतं, त्याची वाफ फुप्फुसाला घातक. म्हणून जुना अॅक्रिलिक लॅकर. पण मारला कधी, तर जुलैत, सकाळी नऊला, गॅरेजात आठ डिग्री आणि बाहेर धुकं. अर्ध्या तासात पूर्ण बॉनेट ताक सांडल्यासारखं पांढुरकं. थिनर उडताना पत्रा आणखी गार होतो आणि हवेतली वाफ रंगात अडकते. १९० डॉलरचा रंग घासून काढला. पुढचा कोट उन्हाच्या दिवशी दुपारी, दोन हीटर आधी चालवून आणि रंग मारताना बंद ठेवून, सावकाश सुकणाऱ्या थिनरनं. बसला. वाया गेलेले १९० सोडून लांबी, प्रायमर, रंग मिळून ८८०.

रंग कोणता यावर घरात महिनाभर चर्चा. मला सिनेमातला पिवळा हवा होता. बायको म्हणाली, "अहो, टॅक्सी दिसेल." मी म्हटलं, टॅक्सीच तर होती. पण शेवटी बदामीच ठेवला, आणि तो काकांमुळे. दाराच्या आतल्या कडेला मूळ रंगाचा हातभर पट्टा कोरा निघाला होता. काका त्याच्यासमोर बराच वेळ उभे होते. त्यांच्या ब्रॉडमेडोजच्या कारखान्यातून १९६० पासून फाल्कन निघत होत्या. शेवटची ७ ऑक्टोबर २०१६ ला बाहेर पडली, तेव्हा ते निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. ही गाडी त्यांच्याही आधीची. तरी त्यांनी तो पट्टा रुमालानं पुसला. त्यावर पिवळा मारायला मला हात उचलला नाही.

१८ ऑगस्ट, रविवार

लेकीला बॉनेटमधून वर आलेला ब्लोअर (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंप) हवाय. "बाबा, तेवढं एक!" तिला बसवून सांगितलं ते इथेही लिहितो, कारण प्रत्येक जण हा प्रश्न विचारतो.

सिनेमातल्या काळ्या गाडीवरचा वीआंड ६-७१ ब्लोअर दिखाऊ होता. इंजिनाला त्यातून हवा जात नव्हती. मॅक्स गिअरच्या दांड्यावरचं बटण ओढतो आणि पट्टा फिरू लागतो, तो जादूचा प्रयोग आहे. खऱ्या ब्लोअरचा पट्टा क्रँकवरून चालतो, इंजिन फिरतंय तोवर तोही फिरणार. पण पाहणाऱ्याला ते आठवतही नाही, आणि त्यातच तो सिनेमा करणाऱ्या पोरांची करामत. पैसे चार लाख डॉलरच्या आतबाहेर, दिग्दर्शक मिलर पेशानं डॉक्टर, सिनेमातल्या एका अपघातात तर त्यानं स्वतःची माझ्दा व्हॅन चिरडून घेतली. काळ्या गाडीचं ते नाक, काँकॉर्ड म्हणतात ते, पीटर आर्केडिपेननं आखलेलं. तो फोर्डचाच माणूस.

मी तिला म्हटलं, बॉनेट कापलं की रोडवर्दी, म्हणजे गाडी रस्त्यावर काढायला योग्य असल्याचा दाखला, मिळणार नाही. ती म्हणाली, मग पुठ्ठ्याचा करू आणि अंगणात लावू. केला. दोन डबे आणि एक जुना ड्रिल. सुरू केल्यावर पट्टा फिरतो. खर्च शून्य, आणि खरं सांगायचं तर मूळचाही साधारण एवढ्याच लायकीचा होता.

२१ सप्टेंबर, शनिवार

रोडवर्दी तपासणीत नापास. तीन कारणं: पुढचे दोन्ही सीटबेल्ट कडेनं विरलेले, काचेवर पाणी उडत नाही, सस्पेन्शनच्या खालच्या आर्मचे बुश गेलेले. आठ महिने मी ब्रेक आणि गंज करत राहिलो आणि रोज हातात येणारा पट्टा पाहिला नाही. जगात सीटबेल्टची सक्ती पहिल्यांदा याच व्हिक्टोरियानं केली, डिसेंबर १९७० मध्ये. तपासणारा पट्ट्याचा धागा अन् धागा बघणार हे उघड होतं.

नवे बेल्ट ३२०, बुश १८०. पाण्याची नळी मात्र माझ्याच वेल्डिंगखाली चिमटली होती, ती सरळ केली.

१२ ऑक्टोबर, शनिवार

पास. दोन्ही तपासण्या मिळून ३००. वहीत आजवरचा आकडा १२,८१७, क्लब आणि परमिट सोडून, आणि माझे तास न धरता.

करणाऱ्यांसाठी: नेहमीचं रजिस्ट्रेशन महाग पडतं. पंचवीस वर्षांपेक्षा जुनी गाडी क्लब परमिटवर चालवता येते. मान्य क्लबचं सदस्यत्व घ्यायचं, मग वर्षाला ४५ किंवा ९० दिवसांची वही मिळते. ज्या दिवशी गाडी काढायची त्या दिवशी निघण्याआधी वहीत तारीख टाकायची. मी ४५ ची घेतली. आणि शिशाचं पेट्रोल इथे २००२ पासून बंद आहे, तेव्हा व्हॉल्व्हच्या सीट मूळच्याच असतील तर टाकीत दर वेळी अॅडिटिव्ह घाला.

१० नोव्हेंबर, रविवार

वहीत पहिली तारीख. काका पुढे, लेक मागे, लिटल रिव्हरपर्यंत. सिनेमातला बराचसा पाठलाग याच सपाट माळावर चित्रित झालाय. उजवीकडे यू यांग्जचे डोंगर, बाकी गवत आणि सरळ रस्ता. वेग ८०. काकांनी खिडकी खाली करून कोपर बाहेर ठेवलं आणि संपूर्ण वाटेत फक्त दाराच्या आवाजाबद्दल बोलले. वरचा बिजागर मी बदललाय, हे त्यांना पटलेलं नाही.

लिटल रिव्हरला थांबलो तेव्हा जळक्या तेलाचा वास. टॅपेट कव्हरच्या कॉर्कच्या गॅस्केटमधून तेल पाझरून एक्झॉस्टवर टपकत होतं. डॅशच्या कप्प्यातून दीड सुताचा पाना काढला, चार बोल्ट पाव-पाव फेरा आवळले. लेकीनं पान्यावरचा आकडा वाचला आणि विचारलं, हा गाडीबरोबर आला का? काकांनीच हातात घेऊन पाहिला, बोल्टवर हलवून ढिला बसतो हे ताडलं, आणि मान हलवून परत दिला.

घरी येऊन खाली पुठ्ठा ठेवलाय. रात्री नऊपर्यंत तीन थेंब. पुढच्या आठवड्यात रबरी गॅस्केट.